वाढणारा हात

तीस-एक वर्षं मी आगमनकाळ कडक पाळला. नाताळाआधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या, आणि त्या चार आठवड्यांत माझ्या ताटात मासळी नाही, चहात साखर नाही, रात्री भात नाही. मासळी सोडणं म्हणजे काय, हे वसईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शेजारी ओले बोंबील तळले जात असताना आपण मुकाट्याने वरण-भाजी खायची, हे मला जमायचं. नाताळाआधी पापनिवेदनाला जायचे तेव्हा राग, चहाड्या, प्रार्थनेतली टाळाटाळ, सगळं सांगायचे. खादाडपणा मात्र कधी सांगावा लागला नाही. दारूचा तर प्रश्नच नव्हता. या एका बाबतीत आपलं खातं चोख आहे, असं मी मनाशी धरून चालले होते, आणि त्याचा मला अभिमान होता.

२०१८च्या नाताळात आमच्या घरी जे झालं त्याने मला या मताचा फेरविचार करायला लावला. लगेच नाही, आठ महिने मी माझ्या मताला चिकटून होते. ज्यांच्या बाबतीत झालं त्यांना विचारून हे लिहीत आहे. नावं लिहीत नाही.

माझं जुनं मत अगदीच पोकळ नव्हतं, म्हणून आधी ते सांगते. मी म्हणायचे, चार आठवडे योहानाचे, बारा दिवस येशूचे. आगमनकाळाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी मिस्सेत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं वाचन येतं. उंटाच्या केसांचं वस्त्र, टोळ आणि रानमध यांवर राहणारा, आणि जन्माआधीच देवदूताने बापाला सांगून ठेवलेलं की हा मुलगा मद्याला शिवणार नाही. वेदीवर जांभळा रंग, ‘ग्लोरिया’ गायची नाही. मग येशू येतो आणि तो लोकांच्या घरी जेवतो. इतका जेवतो की विरोधक त्याला खादाड आणि दारुडा म्हणून हिणवतात. तेव्हा २४ डिसेंबरपर्यंत हात आखडायचा आणि २५ तारखेपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत सैल सोडायचा, हा माझा हिशोब. सणात संयमाच्या गोष्टी करणारी माणसं मला कंजूष वाटायची.

हे मला सासूबाईंकडून मिळालं होतं. पूर्वी नाताळाच्या आदल्या दिवशी कॅथलिकांना उपवास आणि मांसवर्ज्य सक्तीचं होतं. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम बदलले, त्यानंतर ती सक्ती राहिली नाही. सासूबाईंनी मात्र नियम बदलल्याचं कधी मनावर घेतलं नाही. २४ तारखेला त्या एकदाच जेवायच्या, आणि त्याच दिवशी घरभराच्या नेवऱ्या तळायच्या. सारण गोड झालंय की नाही हे बघायला एखाद्या पोराला हाक मारायच्या. स्वतः जिभेवर कण ठेवायच्या नाहीत. आम्ही सुना खाली बसून कंगव्याच्या दातांवर पिठाच्या गोळ्या वळून ‘कलकल’ हा गोड पदार्थ करायचो आणि त्यांच्याकडे बघायचो. मध्यरात्रीची मिस्सा झाली की घरी येऊन त्या स्वतःच्या हाताने वाईनची बाटली उघडायच्या. सगळ्यांचे पेले भरल्यावर मग स्वतःचा अर्धा. त्या १९९८ साली गेल्या, वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला त्याच वर्षी. त्यांच्यामागे वाईनची बरणी माझ्याकडे आली, आणि वाढण्याचा मानही.

वाढण्याचा मान म्हणजे आग्रहाचा मान. आमच्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं, ती त्याची रीत. आपण दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वाढायचं असतं, ती आपली. पंगतीत ताटावर आडवे हात धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सरकवणारे वाढपी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्यात ख्रिस्ती आणि हिंदू असा फरक नाही. आग्रह न करणाऱ्या घराबद्दल लोक परत जाताना वाटेत बोलतात. माझ्या घराबद्दल कुणी तसं बोललं नाही. ‘हिच्या हातून कुणी उपाशी उठत नाही’ हे मी ऐकलं होतं आणि ते मला शोभेची साडी नेसल्यासारखं वाटायचं.

आणि वाईन. नाशिकची काळी द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात स्वस्त झाली की मी पाच किलो आणायचे. धुऊन, पुसून, देठ काढून, हाताने कुस्करून चिनी मातीच्या बरणीत. साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, थोडं यीस्ट. तोंडाला फडकं. रोज सकाळी लाकडी डावाने एकदा ढवळायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान लावला तर बरणीतून बारीक फसफस ऐकू येते. एकवीस दिवसांनी मलमलच्या कापडातून गाळायची, गाळ बसू द्यायचा, पुन्हा गाळायची, बाटल्यांत भरून अंधारात ठेवायची. डिसेंबरपर्यंत तिचा गढूळ जांभळा रंग निवळून डाळिंबासारखा होतो. ही वाईन म्हणजे दारू, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. दारू दुकानात मिळते, ही बरणीत होते. यीस्ट साखर खातं आणि तिचा अल्कोहोल करतं, आणि घरची वाईन चांगली मुरली तर बाजारातल्या वाईनइतकीच, बिअरच्या दुप्पट कडक होऊ शकते, हे मला नंतर कळलं. कळून घ्यायची गरज आधी वाटली नव्हती.

माझा धाकटा दीर पंधरा वर्षं पीत होता. नोकरी एकदा गेली, दुसरी जेमतेम टिकली. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये तो व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला आणि मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊ लागला. अमेरिकेत अ‍ॅक्रन शहरात १९३५ साली दोन दारूत बुडालेल्या माणसांनी एकमेकांना सावरताना ही संघटना सुरू झाली. आज तिच्या मीटिंगा आपल्याकडेही चर्चच्या, शाळांच्या खोल्यांत भरतात. दीर आठवड्यातून दोनदा संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात जाऊन लहान मुलांच्या बाकावर बसायचा. तिथे त्यांना सांगतात की दहावा पेला माणसाला पाडत नाही, पहिला पाडतो. आणि आज प्यायची नाही, एवढंच बघायचं, उद्याचं उद्या. चौदा महिने तो प्यायला नव्हता. हे मला माहीत होतं. त्याच्यासाठी मी स्वतः नऊ दिवसांची नोव्हेना केली होती.

२५ डिसेंबरला दुपारी आमच्याकडे बावीस माणसं जेवायला. पोर्क विंदालू, कोंबडीचा रस्सा, पुलाव, तांदळाच्या भाकऱ्या. मी चार आठवड्यांची मासळी सोडलेली, त्या दिवशीही सवयीने थोडंच घेतलेलं. सासूबाईंचे सोनेरी काठाचे सहा छोटे पेले आहेत, त्यांतल्या दोहोंचा सोनेरी काठ झिजून गेलाय. ते आणि बाकीचे काचेचे ग्लास मी सगळ्यांपुढे मांडले आणि बाटली घेऊन फिरू लागले. त्याच्यापुढे आले तेव्हा त्याने पेल्यावर तळहात ठेवला.

“नको वहिनी.”

“अरे, घरची आहे. आईंच्या पद्धतीची. नाताळ आहे, एका घोटाने काय होतंय?”

तो हसला आणि तळहात तिथेच ठेवला. मी डाव्या हाताने तो तळहात उचलला आणि बाजूला ठेवला. तो घामाने ओला होता. ते मला त्या क्षणीही जाणवलं आणि तरी मी ओतली. त्याने बायकोकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती. कुणीतरी म्हणालं, “घे रे, वहिनी एवढं म्हणतायत.” त्याने घेतली. पुढच्याकडे जाताना मला बरं वाटत होतं, हे मला लिहिलंच पाहिजे. त्याने माझा मान ठेवला म्हणून मला बरं वाटलं.

३१ तारखेला रात्री तो घरी आला नाही. जानेवारीत मीटिंगा सुटल्या. राखेच्या बुधवारी तो पुन्हा केंद्रात होता.

फेब्रुवारीत मी जावेकडे गेले होते, डबा घेऊन. तिने डबा घेतला, मला बसायला सांगितलं, आणि शांतपणे म्हणाली, “ताई, ह्यांना ‘नको’ म्हणायला शिकायला चौदा महिने लागले होते.” एवढंच. मला राग आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मी काय बाटली दिली होती का त्याला? ज्याला प्यायची तो कुठेही पितो. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं म्हणून माझ्या. नवरा काही बोलला नाही. उपवासकाळातल्या पापनिवेदनात मी जावेवरचा हा राग सांगितला, क्षमा मागितली आणि मोकळी झाले. पेल्याबद्दल बोलले नाही, कारण त्यात पाप आहे असं मला वाटतच नव्हतं.

ऑगस्टमध्ये महिला मंडळात मला संत मोनिकेवर दहा मिनिटं बोलायचं होतं. २७ तारखेला तिचा सण असतो. मी मराठीची शिक्षिका, निवृत्त. भाषणं नेहमी माझ्याकडेच येतात. मुलासाठी रडणारी, प्रार्थना करणारी आई, एवढं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून काही वेगळं मिळावं म्हणून तिच्या मुलाचं, संत ऑगस्टीनचं, ‘कन्फेशन्स’ काढून बसले. त्यात तिच्या दोन गोष्टी वाईनच्या निघाल्या.

पहिली ती लहान असतानाची. घरच्या पिंपातून वाईन काढून आणायला तिला पाठवत. ओतण्याआधी ती ओठ लावायची, नुसती मजा म्हणून. घोटाघोटाने ते वाढत गेलं आणि शेवटी ती पेलेच्या पेले रिचवू लागली. एका मोलकरणीने भांडणात तिला दारुडी म्हटलं, ते लागलं, आणि तिने सोडलं. म्हणजे ही बाई पहिल्या घोटाचं सगळं जाणून होती.

दुसरी गोष्ट मिलान शहरातली. उत्तर आफ्रिकेत, तिच्या गावाकडे, हुतात्म्यांच्या कबरींवर खीर, पाव आणि वाईन नेऊन तिथे आलेल्यांबरोबर वाटून घ्यायची चाल होती. मोनिका एकच लहान पेला न्यायची, पाणी घातलेला, आणि त्यातूनच सगळ्यांबरोबर घोट घोट घ्यायची. मुलामागे ती मिलानला आली आणि नेहमीप्रमाणे टोपली घेऊन गेली, तर दारवानाने अडवलं. तिथले बिशप संत अ‍ॅम्ब्रोज यांनी ही चाल बंद केली होती. एक कारण, ती मूर्तिपूजकांच्या पितरांच्या सणासारखी दिसते. आणि दुसरं, जे पिणारे आहेत त्यांना तिथे निमित्त मिळतं. मोनिकेने वाद घातला नाही. मी तर एक घोट घेते, तोही पाणी घातलेला, असं म्हणाली नाही. टोपली परत नेली आणि पुढे कबरींवर फक्त प्रार्थना घेऊन जाऊ लागली. जे द्यायचं ते गरिबांना दिलं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. तिच्या संयमात खोट नव्हती. आफ्रिकेत असतानाही नव्हती. तिने सोडलं ते स्वतःसाठी नाहीच. तिच्या टोपलीतून दुसऱ्या कुणाला निमित्त मिळू नये म्हणून सोडलं. माझ्या डोळ्यांपुढे तो ओला तळहात आला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्याकडे बघितलं.

त्या रात्री मला कळलं ते एवढंच. संयम म्हणजे माझं तोंड आणि माझं पोट, असं मी समजत होते. माझ्या हाताकडे मी कधी बघितलंच नव्हतं. वर्षभर माझा हात दुसऱ्यांच्या ताटांवर, दुसऱ्यांच्या पेल्यांवर फिरत होता आणि त्याला कसलाही लगाम नव्हता. सासरे मधुमेही होते. डॉक्टरांनी गोड बंद केलं त्या नाताळातही मी त्यांच्या बशीत दोन नेवऱ्या ठेवल्या होत्या, ‘सणाचा एक दिवस’ म्हणून. त्यांना माझं मन मोडवेना म्हणून त्यांनी त्या खाल्ल्या असणार. मुलाखतीच्या आधी वजनाची काळजी करणारी भाची, पथ्यावर असलेली विहीणबाई, बाळंतपणानंतर तिखट सोडलेली शेजारीण. यांतल्या कुणाचंही ‘नको’ मी पहिल्या खेपेला ऐकलेलं नाही.

वाळवंटातल्या जुन्या संन्याशांबद्दल मी तरुणपणी एका प्रवचनात ऐकलं होतं की पाहुणा आला तर ते स्वतःचा उपवास मोडून त्याच्याबरोबर जेवत. उपवास आपल्या मर्जीचा, पाहुणचार देवाच्या आज्ञेचा. संत बेनेडिक्टच्या नियमावलीतही मठाच्या प्रमुखाला तशी सवलत आहे. या गोष्टीचा मी आयुष्यभर माझ्या आग्रहाला आधार घेतला. आता बघते तर मी नेमकं उलटं केलं होतं. त्यांनी पाहुण्यासाठी स्वतःचा उपवास मोडला. मी स्वतःचा उपवास शाबूत ठेवून पाहुण्याचा मोडला. त्याच बेनेडिक्टने भिक्षूंना रोज किती वाईन द्यावी ते ठरवताना आधी लिहून ठेवलंय की प्रत्येकाला देवाने वेगळं दान दिलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्यांच्या खाण्यापिण्याचं माप ठरवताना मन कचरतं. सहाव्या शतकातला हा मनुष्य, शेकडो भिक्षूंना ज्याचा शब्द प्रमाण, तो कचरत होता. माझा हात कधी कचरला नाही.

संत पॉलने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय मी शाळेतल्या मुलांना शिकवलाय. अन्न अशुद्ध नाही, पण माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी ते खाणार नाही, असा त्याचा आशय. मी तो नेहमी खाण्यापुरता वाचला. वाढण्यावर कधी लावला नाही. बायबलच्या मराठीत ‘अडखळण’ असा शब्द आहे. दुसऱ्याच्या वाटेत ठेवलेला दगड. दगड ठेवणारा स्वतः ताठ चालत असू शकतो.

गलतीकरांच्या पत्रात पवित्र आत्म्याच्या फळाची यादी आहे. प्रीतीपासून सुरू होते आणि इंद्रियदमनावर संपते. नऊ नावं आहेत पण शब्द एकवचनी, फळ. मूळ ग्रीकमध्येही एकवचनीच. मी शेवटचं तेवढं तोडून घेऊन मिरवत होते. आम्ही वाडीवाली माणसं, केळीचा घड रोज बघतो. शेवटची फणी लहान असते, पण तिला रस त्याच दांड्यातून येतो, ज्यातून पहिलीला येतो. दांड्यापासून सुटली की ती फणी राहते खरी, वाढत नाही.

हे, आणि यापुढे वाईन काढणार नाही हे, मी घरात बोलले तेव्हा सगळ्यांना पटलं असं नाही. थोरल्या दिरांनी काना गावचं लग्न काढलं. येशूने पहिला चमत्कार वाईनचा केला, सहा रांजण भरून, आणि तू वाईन काढायची नाही म्हणतेस? त्यांचं म्हणणं खोटं नाही. वाईन पाप आहे असं मला वाटत नाही. ज्या वाईनवर वेदीवर शब्द उच्चारले जातात ती पाप कशी असेल? पण काना गावात यजमानाची लाज राखायला ती झाली. तिथे कुणाचा हात कुणी बाजूला केल्याचं लिहिलेलं नाही. आणि पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा, योहानाचं शुभवर्तमान सांगतं, ज्याला जितकी हवी तितकी मासळी मिळाली. माप खाणाऱ्याकडे होतं. उरलं ते टोपल्यांत गोळा केलं, कुणाच्या बशीत लोटलं नाही.

वेदीवरसुद्धा चर्चने जागा ठेवली आहे, हे मला तेव्हाच कळलं. एखाद्या धर्मगुरूला दारूचा आजार असेल तर बिशपच्या परवानगीने तो मिस्सेत वाईनऐवजी ‘मुस्टम’, म्हणजे आंबण्यापासून रोखलेला द्राक्षाचा रस, वापरू शकतो. व्हॅटिकनने २००३ साली त्याचे नियम पुन्हा स्पष्ट केले. आपल्या सगळ्यांत मोठ्या यज्ञात चर्च एका माणसाच्या पहिल्या घोटाची काळजी करतं, आणि मी माझ्या जेवणाच्या टेबलावर ती करू शकत नव्हते.

आग्रह वाईट, असं माझं म्हणणं नाही. मला वाटतं तो टंचाईच्या दिवसांतून आला असावा. ताटं मोजकी असताना लाजरा माणूस, सून, गरीब नातेवाईक अर्धपोटी उठू नये म्हणून कुणीतरी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. सासूबाईंच्या आग्रहात ती कळकळ होती. कोण खरंच नको म्हणतंय आणि कोण भिडेने, हे त्या चेहऱ्यावरून ओळखायच्या. माझ्या आग्रहात मी होते. माझं घर, माझी वाईन, माझा मान. भरलेल्या टेबलाभोवती बसलेल्या भरल्या पोटांच्या माणसांना लाजेतून सोडवायची गरज नव्हती.

त्या वर्षीच्या पापनिवेदनात मी पेल्याचं सांगितलं. फादरांनी एवढंच विचारलं, दिराला भेटलीस का. भेटले नव्हते. म्हणजे जायचे, डबा द्यायचे, बोलायचे, पण हे बोलले नव्हते. गेले. तो अंगणात फुलझाडांना पाणी घालत होता. मी म्हटलं, “त्या दिवशी तुझा हात मी काढायला नको होता.” तो म्हणाला, “घोट मी घेतला, वहिनी. ते माझं आहे.” मग बराच वेळ पाणी घालत राहिला आणि म्हणाला, “पण हात तुम्ही काढलात, ते खरं.” दोन्ही वाक्यं त्याने सारख्याच आवाजात म्हटली. मला त्याने माफही केलं नाही आणि दोषही दिला नाही. जे झालं ते दोघांत बरोबर वाटून दिलं.

२०१९च्या नाताळाआधी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी दरवर्षीची यादी लिहायला बसले. मासळी, साखर, भात असं काही लिहिलं नाही. एकच लिहिलं: एकदाच विचारायचं. जेवायला बसलेल्या माणसाला एकदा विचारायचं, आणि ‘नको’ आलं की पुढे जायचं. चेहरा पाडायचा नाही, ‘आवडलं नाही वाटतं’ म्हणायचं नाही, जाता जाता चमचाभर टाकायचं नाही.

इतकं कठीण काही मी आयुष्यात पाळलेलं नाही. मासळी सोडताना त्रास जिभेला होतो, ती चार दिवसांत गप्प बसते. इथे त्रास कुठे होतो हेच कळत नाही. विहीणबाई ‘पुरे’ म्हणाल्या आणि मी वळले, तेव्हा माझ्या हातातला डाव आपोआप त्यांच्या ताटाकडे परत गेला होता. दुसऱ्या हाताने तो धरावा लागला. पुलावाचं पातेलं अर्धं उरलं. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात त्या पातेल्यापुढे उभी राहून मला रडू आलं. वाटलं, आपलं घर आटलं. मग बाहेर माणसांचे आवाज ऐकले. कुणी उठून गेलं नव्हतं. सुपारी कातरत, मुलांना रागवत, गव्हाणीतला एक दिवा लागत नाही म्हणून तारा खेचत सगळे बसून होते. जेवण लवकर आटोपल्यामुळे गप्पांना जास्त वेळ मिळाला होता.

द्राक्षं मी तेव्हापासून आणलेली नाहीत. बरणीत आता कैरीचं लोणचं असतं. हे मी इतरांनी करावं असं म्हणत नाही. आमच्या घरात एक माणूस आहे ज्याला तो वासही जड जातो, म्हणून आमच्या घरात नाही. तुमच्या घरात तसं कुणी नसेल तर तुमची बरणी तुमच्याकडे. पण नीट बघा. दारूचा आजार कपाळावर लिहिलेला नसतो, आणि ज्याने नुकती सोडली आहे तो ते बावीस जणांसमोर सांगेलच असं नाही. त्याच्याजवळ सांगायला फक्त ‘नको’ असतं, तेही हळू आवाजात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याला ते रोज दोन-चार घरांत सांगावं लागतं.

दीर त्यानंतर आणखी एकदा घसरला आणि पुन्हा सावरला. आता चार वर्षं झाली. अजूनही आठवड्यातून दोनदा शाळेच्या त्या वर्गात जातो. आता नवीन येणाऱ्यांना पाणी देण्याचं काम त्याच्याकडे आहे. नाताळाला आमच्याकडे जेवायला येतो. सासूबाईंचे पेले मी काढते, त्यांत कोकमाचं सरबत असतं. एकदा विचारते. कधी घेतो, कधी घेत नाही.

ज्या घरांत या नाताळात वाढण्याचा मान तुमच्याकडे आहे, त्या माझ्या बहिणींना आणि वहिन्यांना माझी एकच विनंती. कुणी पेल्यावर तळहात ठेवला, तर तो तिथेच राहू द्या.